माझा हात, तिचा रंग

मेकअपवाल्याने माझं मनगट धरून उन्हात वळवलं. शेजारी नायिकेचा गोरा हात ठेवला. तिच्या हातावर ब्रशने तपकिरी पट्टा ओढला, माझ्या हाताकडे बघितलं, अजून काळा मिसळला.

"अजून डार्क," दिग्दर्शक म्हणाला. "कॉमिकशी प्रामाणिक राहायचंय. मला अगदी हाच रंग पाहिजे."

सगळे माझ्या हाताकडे बघत होते. माझ्याकडे कोणीच नाही.

देवगडच्या किनाऱ्यावर, सिनेमाच्या शूटिंगच्या जागी हे झालं. त्याच वाळूत आमच्या घरची जाळी सुकतात.

ते कॉमिक मला जामसंड्याच्या शाळेत बाईंनी वाचायला दिलं होतं. 'तांडेलीण'. माझ्यासारखी काळी, होडी हाकणारी पोर. वादळात बुडालेल्या होड्या खांद्यावर घेऊन वर येते. पुस्तकातली काळी मुलगी जिंकते, हे मी पहिल्यांदा बघितलं. त्याच वर्षी गॅदरिंगच्या नाटकात बाईंनी मला राक्षसीण केलं. "तुका रंग लावूक नको गो. देवानच लावन धाडल्यान," त्या म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

पण दहावीनंतर मला घरी बसवणार होते, तेव्हा बाईच आमच्या ओटीवर येऊन आईबाबांशी भांडल्या. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, ती त्यांच्यामुळे. हे मी कधी विसरणार नाही.

ऑडिशनलाही त्यांनीच नेलं. मी संवाद म्हटले, होडीवरून उडी मारून दाखवली. "एकदम नॅचरल," दिग्दर्शक म्हणाला. "पण पोस्टरला चेहरा लागतो. उद्या ये, काम आहे." मला वाटलं, तांडेलिणीची बहीण तरी.

काम हे होतं.

मी हात आखडायला गेले. बाई कानाशी आल्या. "हात पुढे कर गो. मोठी माणसा आसत. उपकार मान."

मी खाली बघितलं. मेकअपवाल्याने मनगट केव्हाच सोडलं होतं. हात मीच पुढे धरून उभी होते.

मग मी तो मागे घेतला.

"राक्षसीण करताना माका कोणी रंग लावूक नाय," मी म्हणाले. "आता तांडेलीण करूची तर माझो रंग दुसरीक लावतास? रंग माझो होयो तर माका घ्या."

"काय म्हणतेय ही?" नायिकेने विचारलं. मालवणी पोरीचं काम करणार होती ती.

दिग्दर्शक हसला. "अगं, सन्मानच आहे हा तुझा."

"सन्मान नको. काम द्या."

"ते शक्य नाही."

मी निघाले. बाई मागून हाका मारत राहिल्या.

सिनेमा येईल. त्यांना रंग जमलाही असेल. मी आता त्याच शाळेत शिकवते. बाई दिसल्या की वाकून नमस्कार करते, आणि तो मनापासून असतो. पण यंदा गॅदरिंगच्या नाटकासाठी त्यांनी पुन्हा काळ्या पोरीकडे बोट दाखवलं, तर मधे मी उभी असेन. आणि माझा हात यापुढे कोणाला रंग जुळवायला मिळणार नाही. हवी असेन तर अख्खी घ्या.