आधी कोण उठणार

"मोठं माणूस बसलेलं असताना आपण उठून जाऊ नये," असं तो एकदा म्हणाला, आणि खोलीवरची पोरं पोट धरधरून हसली. त्या दिवसापासून त्याचं नाव जावईबापू पडलं. नावाला शोभेल असाच तो बसे. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले, कुणी 'ऊठ' म्हणेपर्यंत.

ही बसण्याची विद्या घरची. वडील एका कचेरीत शिपाई होते. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडल्याशिवाय त्यांनी चौतीस वर्षांत सायकलला हात लावला नाही. पोरगा परदेशी निघाला तेव्हा उपदेश म्हणून एवढंच म्हणाले, "कामावरून सगळ्यांत शेवटी निघावं. मग कुणी नावं ठेवत नाही."

तो कृत्रिम दात बनवायला शिकत होता. जोडीला एका तळघरात, कवळ्या बनतात तिथं, रोज बारा ते चार काम. आठवड्याचे वीस तास. विद्यार्थ्याच्या परवान्यावर त्याहून जास्त चालत नसे. तळघराला एकच खिडकी, रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून माणसांचे फक्त पाय दिसत. आत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला नंबर. इतकी तोंडं, आणि बोलणारं एक नाही.

समोरच्या बाकावर एक म्हातारा कारागीर बसे. पोरगा त्याला मनातल्या मनात आजोबा म्हणे. चारला पोराची पाळी संपे, पण आजोबा हातात दात आणि कानस घेऊन बसलेले. मग हाही बसे. बाक पुसे, सांडलेलं प्लास्टर झाडे, घासलेलं भांडं पुन्हा घासे. पाचला तळघर बंद व्हायच्या सुमाराला आजोबा चष्मा काढून उठले की हा उठे आणि दाराजवळच्या यंत्रात हजेरीचं कार्ड घाले. खोटी वेळ लावायची नाही, हाही घरचाच शिरस्ता. पगार वीस तासांचाच मिळे. त्याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही.

शिक्षण संपलं. तळघरातल्या मालकीणबाईंना तो कायमचा हवा होता. विद्यार्थ्याचा परवाना बदलून नोकरीचा मिळावा म्हणून त्यांनी तोंडभर कौतुकाचं पत्र लिहिलं आणि वर दीड वर्षाची हजेरीही जोडली. म्हणाल्या, "पोरगा किती मन लावून काम करतो ते कळू दे त्यांना."

परवान्याच्या कार्यालयात काचेपलीकडच्या बाईंनी ती हजेरी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचली.

"आठवड्याला पंचवीस तास. दीड वर्ष."

"वरचे पाच तास मी काम करत नव्हतो. बसलो होतो."

"कशासाठी?"

"ते बसले होते म्हणून."

बाईंचं पेन थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावर टवाळी असती तर बरं झालं असतं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" त्यांनी विचारलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्ज नामंजूर. तीस दिवसांत देश सोडावा.

"जावईबापू, मानपान संपला म्हणायचा," खोलीवरचा एक जण म्हणाला. कुणीच हसलं नाही, तेव्हा त्याने स्वतःच मान खाली घातली.

वडिलांचा फोन आला. "काय रे, झालं का काम?"

"होतंय."

"घाई करू नकोस. बसून राहा. साहेब लोकांना वेळ लागतोच."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एप्रन परत करायला तळघरात गेला. मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या, की त्याला तोंड दाखवायला नको म्हणून गेल्या होत्या, कोण जाणे. आजोबा होते. तो सवयीने समोर बसला. घडलेलं सांगितलं.

म्हाताऱ्याने कानस खाली ठेवली. "पण तू थांबायचास कशाला?"

"तुम्ही उठत नव्हता."

"मी?" म्हातारा म्हणाला. "अरे, माझं काम साडेतीनलाच आटपायचं. तूच उठत नव्हतास. मला वाटलं, परमुलखातलं पोर, खोलीवर जाऊन करणार काय. एकट्याला टाकून कसं जायचं? म्हणून आपला एकच दात घासत बसायचो. कितीतरी दात नुसते झिजवून फेकले मी."

फळीवरचे जबडे आ वासून होते. खिडकीतून कुणाचे तरी पाय घाईने गेले. दीड वर्ष रोज तासभर दोन माणसं एकमेकांच्या उठण्याची वाट बघत बसली होती, आणि त्या तासाचं ओझं एकट्याच्याच पाठीवर पडलं होतं. ओरडायला हवं होतं. पण कुणावर? म्हाताऱ्याचा काय दोष होता? वडिलांचा तरी काय होता?

"मी येतो त्या बाईंकडे. सांगतो त्यांना," म्हातारा म्हणाला. मग त्यालाच ते पटलं नसावं. "बस जरा. असा लगेच जाऊ नकोस."

त्याने एप्रनची घडी केली, बाकावर ठेवली, तिच्यावर हजेरीचं कार्ड ठेवलं. यंत्रातल्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हातारा अजून बसलेलाच होता, चष्मा डोळ्यांवर, हात मांडीवर. पोरगा उठला आणि जिना चढून निघून गेला.