दाराऐवजी पडदा

चपलांच्या दुकानात दिवसभर लोकांच्या पायाशी बसणारा तिचा नवरा घरी आला की इंजिनियर व्हायचा. शेजारीपाजारी त्याला याच नावाने हाक मारायचे, आणि त्या हाकेतली चेष्टा त्याला सोडून सगळ्यांना कळायची. बूट काढायचा, चहाचा कप हातात घ्यायचा आणि खोलीच्या मधोमध उभा राहून भिंतींकडे असा बघायचा, जसं काही त्या आजच उभ्या राहिल्यात.

"अगं, ही भिंत बघ. इथे आत शिरणारं कपाट केलं तर?"

"आधी सिंकचा नळ बसवा," ती म्हणायची.

"तो काय, अर्ध्या तासाचं काम."

ते अर्ध्या तासाचं काम कित्येक वर्षं पडून होतं. सिंक होतं, त्याच्या वर भिंतीतून पाइपाचं तोंड बाहेर आलेलं होतं, त्या तोंडात लाकडाचं बूच ठोकलेलं होतं, आणि भांडी बादलीतल्या पाण्याने धुतली जायची. स्वयंपाकघराच्या निम्म्या भिंतीला टाइल्स होत्या, निम्मीला नुसतं खरवडलेलं सिमेंट. पलंगाखाली फळ्या होत्या, कपाटामागे पट्ट्या होत्या, आणि सगळ्या भिंतींवर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा, बाण, आकडे. मुलगी लहानपणी मैत्रिणींना सांगायची, "आमच्या घरी सगळं आहे, फक्त लागलेलं नाही." लोक हसायचे. तीही हसायची, सुरुवातीला.

तो आळशी नव्हता, हीच तर पंचाईत होती. आळशी माणसावर ओरडता येतं. हा सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून कामाला लागायचा, घामाघूम व्हायचा, हत्यारांना स्वतःच्या लेकरासारखं पुसून तेल लावायचा. जुनं काढून टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नवं लावायची वेळ आली की मात्र त्याला त्याहून चांगलं काहीतरी सुचायचं. मग हातातलं तसंच राहायचं, आणि जेवताना तो त्या नव्या सुचलेल्याबद्दल इतकं बोलायचा की ताटातलं गार होऊन जायचं. लग्न झाल्यावर ती हे बोलणं डोळे मोठे करून ऐकायची. त्याच्या बोलण्यातल्या घरात खिडकीशी बसायला जागा होती, घडी होणारं टेबल होतं, तिच्या शिलाई मशीनसाठी उजेडाचा कोपरा होता. त्या घरात ती मनाने बरीच वर्षं राहिली.

बाथरूमचं दार त्याने असंच काढलं. खालून कुजलं होतं, ते खरं. पण तेवढीच पट्टी बदलायच्या ऐवजी त्याच्या डोक्यात सरकत्या दाराने घर केलं. एका मित्राकडे पाहिलं होतं म्हणे, बोटाने ढकललं की लोण्यासारखं सरकतं. जुनं दार भंगारात गेलं. प्लायचं नवं, रुंद दार आलं आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभं राहिलं. वरची लोखंडी पट्टी आली, तिची चाकं काही मापात बसेनात, दुसरी आणायची ठरली. तोवर दोन-चार दिवस चालेल म्हणून तिने एक पडदा लावला.

ती पडद्यांच्याच दुकानात शिवणकाम करायची. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, अस्तर लावायची, खालची दुमड अशी सरळ घालायची की मालकीण नव्या मुलींना तिचं काम दाखवायची. बाथरूमचा पडदा तिने उरलेल्या जाड कापडाचा शिवला आणि तो उडू नये म्हणून खालच्या शिवणीत वजनाच्या गोळ्या घातल्या. त्यानंतर तो पडदा तिने तीनदा बदलला, इतकी वर्षं गेली. घरात पाहुणा येणार म्हटलं की ती काहीतरी कारण काढून टाळायची. मुलगी मोठी झाली तशी आंघोळीला जाताना "बाबांना बाहेर पाठव" म्हणू लागली, आणि पुढे शिकायला म्हणून जी दुसऱ्या गावी गेली ती तिथेच नोकरीला लागली. रुंद दारावर ओले टॉवेल वाळत राहिले.

मग तिची आई आली.

आई भावाकडे राहायची. त्याची बदली झाली, नवं घर मिळेपर्यंत आईला हिच्याकडे ठेवू या असं ठरलं. ती हरखून गेली. आई थकली होती, काठी टेकत चालायची, पण ताठ कण्याची बाई. स्वतःच्या नवऱ्यासमोर कधी मोठ्याने जांभई दिली नसेल. जावई म्हणजे तर परका पुरुष. दोनच खोल्यांचं घर, पॅसेज असा की बाथरूममध्ये भांडं वाजलं तर बाहेर बसलेल्याला ऐकू यावं.

पहिल्या दिवशी आईने पडदा पाहिला आणि म्हणाली, "दार?"

"बसवायचंय," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज नवऱ्यासारखा वाटला.

त्यानंतर आई त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. दिवसभर खुर्चीत बसून राहायची. जेवायला दिलं तर दोन घास खायची, चहा नको म्हणायची. "म्हातारपणी भूक मरते गं." ती दुकानातून धावतपळत घरी यायची, काही करून घालायची, आई ताट बाजूला सारायची. आठवडाभरात आईचे ओठ सुकले, जीभ जड झाली, आणि एका दुपारी ती खुर्चीतच बरळायला लागली.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, "ह्या पाणी पीत नव्हत्या का?"

"पितात की. मी ग्लास भरून ठेवून जाते."

सलाईन लागलं. आई जरा शुद्धीवर आली तेव्हा तिने आईच्या कानाशी वाकून विचारलं, "आई, पाणी का नाही प्यायलीस?"

आईने मान वळवली. मग म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं, बाळा."

भाऊ आला आणि आईला घेऊन गेला. त्याने बहिणीला बोल लावला नाही, नुसतं "तुमच्याकडे जरा अडचण होते तिला," एवढंच म्हणाला. मूत्रपिंडं आधीचीच नाजूक होती, असं नंतर डॉक्टर म्हणाले. आधीचीच असतील. पावसाळा संपायच्या आत आई गेली.

भावाकडून परत आल्यावर तिने दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला आणि तिने दुकानात येत नाही म्हणून कळवलं. पॅसेजमधल्या दारावरचे टॉवेल काढले, टेप घेतली आणि चौकटीचं माप घेतलं. वर, मधे, खाली, जसं खिडकीचं घेतात तसं. दार चौकटीपेक्षा चांगलं चार बोटं रुंद होतं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून तीन बिजागऱ्या, स्क्रू आणि एक कडी आणली. "इंजिनियर साहेबांनी शेवटी मनावर घेतलं वाटतं," तो हसून म्हणाला. तिने त्याला विचारलं, बिजागरी आधी दाराला लावायची की चौकटीला? तो हसायचा थांबला आणि नीट सांगू लागला.

नवऱ्याच्या हत्यारांना तिने कधी हात लावला नव्हता. करवत नवीकोरी होती. दार दोन खुर्च्यांवर आडवं टाकून, वर गुडघा रोवून ती कापायला बसली. कापडाला कात्री लावताना जो हात कधी डगमगला नाही तो पहिल्या वीतभरातच भरकटला. मग तिने खडूने रेघ पुन्हा मारली आणि हळूहळू पुढे सरकली. तळहाताला फोड आले, फुटले. बिजागऱ्यांसाठी छिन्नीने खाचा पाडल्या, एक खोल गेली, तिच्याखाली पुठ्ठा घातला. दार चौकटीत उभं करून खाली चिंध्यांची घडी सारली, म्हणजे फरशीला घासणार नाही. लावलं तर वरून अडलं. काढलं, रंधा मारला, पुन्हा लावलं. पुन्हा अडलं. पुन्हा काढलं.

दुपार उलटून गेल्यावर दार बसलं.

ती आत गेली आणि कडी लावली. घरात चिटपाखरू नव्हतं, तरी लावली. उलट्या बादलीवर बसली. अर्ध्या दिवसाचं काम. अर्ध्या दिवसाचं, आणि आपल्यालाही येण्यासारखं. तिला हुंदका आवरेना. इतकी वर्षं ती त्याची वाट बघत बसली होती, आणि दार पॅसेजमध्ये होतं, हत्यारं कपाटात होती, माप घ्यायला तर ती जन्मभर शिकली होती.

संध्याकाळी तो आला. बूट काढता काढता त्याला दार दिसलं. एक बूट पायात तसाच ठेवून तो गेला, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. बिजागरीवरून बोट फिरवलं.

"लावताना खाली पाचर कशाची घातलीस?"

"चिंध्यांची घडी."

"हं." त्याने कडी सरकवून पाहिली. "छान बसलंय."

ती भांडायच्या तयारीत होती. त्याने ओरडावं, सरकत्या दाराचा सत्यानाश केलास म्हणावं, म्हणजे तिला आईचं सगळं ओकून टाकता येईल, असं तिला वाटत होतं. तो हात धुवून जेवायला बसला आणि मुकाट्याने जेवून उठला.

त्यानंतर तिने थांबायचं नाव घेतलं नाही. राग होता, तो हातांत उतरला होता. नळ बसवला. उरलेल्या टाइल्स लावल्या, दोन-तीन वाकड्या बसल्या पण बसल्या. पलंगाखालच्या फळ्यांचं मांडणीसारखं काहीतरी केलं. भिंतींवर रंग द्यायचा ठरवला तेव्हा तिने त्याला विचारलं, "ह्या खुणा ठेवायच्यात का?"

"कशाला?" तो म्हणाला. "मार रंग."

ती काम करत असली की तो शेजारी उभा राहून मागितलेलं हत्यार हातात द्यायचा. असं कर, तसं कर, काही नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकाला बूट द्यावा तसा पाना द्यायचा. जेवताना आता घरात फक्त चमच्यांचा आवाज यायचा. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं बोलायचा तो तोच बोलायचा, आणि तो बोलायचा ते सगळं घराविषयी. आता घर झालं होतं.

मुलगी सुट्टीला आली आणि दारातच थबकली. "आई, घर वाटतंय गं हे!" तिने नळ सोडून पाहिला, बाथरूमची कडी लावून पाहिली, आईच्या गळ्यात पडली. मग बाहेरच्या खोलीत जाऊन आली आणि हळूच म्हणाली, "बाबांना बरं नाहीये का?"

"काय झालंय त्यांना? बसलेत की."

"तेच म्हणतेय. नुसते बसलेत."

मुलगी गेल्यावर तिने प्रयत्न केला. तिला त्याची दया येत होती आणि दया आल्याचा रागही येत होता. एके दिवशी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "अहो, खिडकीशी बसायला करणार होतात ना काहीतरी? फळी आहे शिल्लक. तुम्ही सांगा, मी कापते."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, पण ते हसू बघवेना. "तुला येतं की सगळं. मला नुसतं सुचायचं. आता तेही सुचत नाही."

इथेच ती गप्प बसली असती तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा वाटलं. पण इतके दिवस दातांखाली दाबलेलं बाहेर आलंच.

"आईने पाणी पिणं सोडलं होतं. त्या पडद्यापायी. तुम्हाला कळलं तरी का?"

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं? भावाने?"

"नाही." तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. "तेव्हाच कळलं होतं. मी दुपारी जेवायला यायचो ना, तर तू भरून ठेवलेला ग्लास तसाच असायचा. मी आत पाऊल टाकलं की आई त्या पडद्याकडे बघायच्या. दोन दिवसांत कळलं मला."

तिने समोरचं ताट बाजूला सारलं.

"मी पट्टीची चाकं आणायला गेलो होतो," तो म्हणाला. "बसवणारच होतो. मग वाटलं, घाईघाईत नको, म्हातारं माणूस आहे, ढकलायला हलकं पाहिजे. दुसऱ्या प्रकारची चाकं मिळतात, ती बघू. ती येणार होती चार दिवसांत."

"ते रुंद दार तरी नुसतं आडोशाला उभं करायचं होतंत!" ती किंचाळली. "एक फळी! एक फळी आडवी लावायची होतीत!"

"हो," तो म्हणाला. "तेवढं सुचलं नाही."

त्याने सफाई दिली नाही, माफी मागितली नाही. उठून ताटं उचलली आणि सिंकमध्ये नेऊन घासली. ती तिथेच बसून राहिली. तो खोटं बोलला असता तर तिला त्याला सोडून मुलीकडे निघून जाता आलं असतं. खरं सांगितलेल्या माणसाला टाकून कसं जायचं, आणि त्याच्याजवळ राहायचं तरी कसं, हे तिला कळेना. आणि आपणही तो ग्लास रोज संध्याकाळी ओतून पुन्हा भरत होतो, हे तर तिला कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

ती गेली नाही. तो कामावर जातो, येतो. ती पडदे शिवते. घरात आता काही अर्धवट नाही. आलेगेले कौतुक करतात, आणि तो मान हलवून म्हणतो, "सगळं हिनेच केलंय."

परवा सुट्टीच्या दिवशी खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. सकाळीच ड्रिल मशीन सुरू झाली. घर्रर्र आवाज यायचा, मधेच अडकायचा, पुन्हा यायचा. पेपर वाचता वाचता त्याने मान वर केली.

"ड्रिलचं बिट बोथट झालंय त्यांचं," तो म्हणाला. "नुसती भिंत जाळतायत."

तिने शिलाई मशीनवरचा पाय थांबवला. "मग जाऊन सांगा की. तुमच्याकडे आहेत ना चांगली."

तो ऐकत राहिला. आवाज पुन्हा अडकला, कोणीतरी वैतागून काहीतरी बोललं. त्याने पेपरची घडी घातली आणि क्षणभर तिला वाटलं, उठतोय. पण त्याने पेपर पुन्हा उघडला आणि पान उलटलं.

"कळेल त्यांचं त्यांना," तो म्हणाला.

ड्रिलचा आवाज दुपारपर्यंत चालू होता. दोघं त्याच आवाजात जेवली.