रशीदभाईंचा शिसवी ओंडका

नसरीनचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "काकू, अब्बा गेले..." एवढंच बोलली. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, पण ढोलकीला पुडी चढायचीय अजून!" लोक म्हणतील, काय बाई आहे! पण नसरीन हुंदका आवरत म्हणाली, "काकू, ते पण तेच म्हणत होते."

नसरीनचे अब्बा म्हणजे रशीदभाई, त्यांची टिंबर मार्केटात लाकडाची वखार. लग्न होऊन नारायण पेठेत आले, त्याच वर्षी पोळपाट करून घ्यायला मी तिथे गेले आणि म्हटलं, "लाकूड द्या." चष्म्यावरून बघत म्हणाले, "लाकूड म्हणजे काय देऊ? जाळायचं, जोडायचं, की बसायचं?" मीही पेठेतलीच झालेली! म्हटलं, "डोक्यात घालायचं!" असे खदाखदा हसले की चहाच मागवला. मग काय, आमची मैत्री म्हणजे भांडणच. ते सांगायचे, "ताई, उभं असतं तोवर झाड, आडवं झालं की लाकूड. ही काय नावं आहेत? कामाला लागलं की नाव मिळतं बघा... पाट, लाटणं, रवी, उंबरठा, तुळई, पाळणा. अन् नाव नाही मिळालं, तर सरपण." हे बोलताना हात असे नाचायचे, जणू पाळणा समोरच हलतोय. एखादा नवा शब्द सापडला की मी भाजी तशीच गॅसवर ठेवून त्यांना फोन करायची. "मुसळ राहिलं की हो!" "अन् बैलगाडीचं जू?" ते तिकडून ओरडायचे.

पण त्यांच्या स्वतःच्या वखारीत एकाला नाव नव्हतं. मागच्या भिंतीशी शिसवाचा एक जाडजूड ओंडका पडलेला असायचा. वडिलांची शेवटची खरेदी. दोन्ही तोंडांना तडे जाऊ नयेत म्हणून वडिलांनीच डांबर फासलेलं. जाताना म्हणाले होते, "याचं सोनं कर." झालं! त्या दिवसापासून रशीदभाईंना एकही काम त्याच्या लायकीचं वाटेना. कुणी देव्हारा मागितला, कुणी दिवाण. एकाने दारूच्या काउंटरसाठी विचारलं, तर म्हणाले, "तुम्हाला तोल सांभाळायला टेकू हवाय का?" मी झोपाळा मागितला, तर मलाही नाही! "याचं नाव ठरल्याशिवाय मला मरायची सवड नाही," म्हणायचे. आम्ही हसायचो. ते हसत नसत.

गेल्या वर्षी मुलगा इमरानने धंदा वाघोलीला हलवायचं ठरवलं. प्लायवुड, मोठं शेड, सगळं नवीन. "अब्बा, हे पण वूडच आहे, इंजिनिअर्ड वूड!" "अरे, भुसा अन् डिंक! त्याला लाकूड म्हणायचं तर चिवड्याला भाताचं शेत म्हण!" पण तब्येत ढासळत होती, वखार रिकामी करायची होती. शेवटी त्यांनीच ठरवलं, नसरीनच्या मुलीचं, सनाचं लग्न आहे, तिला संदूक करू. मला मुद्दाम बोलावलं. करवत फिरली, डांबराचं तोंड उडालं... आणि आत पोकळ! वरचं लाकूड शाबूत, पण गाभा कधीच गेलेला. गिऱ्हाइकाने आणलेल्या प्रत्येक फळीवर टकटक करून पारख सांगणारा हा माणूस. वडिलांच्या निशाणीवर बोट आपटायची मात्र कधी हिंमतच केली नव्हती. माझ्या तोंडून गेलं, "अरे देवा, गेलं की हो सोनं!" इमरानने वडिलांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. वाकले, आणि तळहाताने त्या ओंडक्यावर अशी थाप मारली की, काय सांगू, सगळी वखार घुमली!

"ढोलकी! इमरान, ढोलकी आहे रे ही!" लहान पोरासारखे ओरडत होते. "आम्ही काय करायचं ठरवणारे? हिने आधीच ठरवलंय!"

कारागिराने आतून तासून ढोलकीचं खोड तयार केलं, ते इमरानने दवाखान्यात नेऊन दाखवलं. त्यांनी त्यावरून हात फिरवला. चामड्याची पुडी चढायच्या आत गेले. मला फार, फार वाईट वाटलं. जन्मभर वाट पाहून पुडीवरची एक थाप ऐकायला मिळू नये?

सनाच्या लग्नाची तारीख ठरलेली होती, मोडली नाही. पण मेहंदीच्या दिवशी रशीदभाईंच्या घरात पुडी चढलेली नवी ढोलकी मधोमध ठेवलेली, आणि हात लावायला कुणी धजेना. मोठ्या बायका म्हणाल्या, घरात दुखवटा आहे, राहू दे. भाभी, म्हणजे त्यांची बायको, नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीमुळे आतल्या खोलीत बसलेल्या. त्यांचा आवाज आला, "वाजवा. नाही वाजवली तर सरपणच आहे ती."

सनाने मेहंदी सांभाळत बोटांच्या टोकांनी हलकीच थाप दिली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. टाळी धरायला गेले, तीही चुकली.

आणि आतून भाभी ओरडल्या, "अगं जोरात! त्यांना ऐकू जायला पाहिजे!"