पूल खाजगी, पण पायऱ्या हव्यात

फोटोत स्विमिंग पूल होता. निळंशार पाणी, कडेला लिंबाची झाडं, मागे समुद्राची एक पट्टी. पण पाण्यात उतरायला पायऱ्या नव्हत्या. एका कोपऱ्यात स्टीलची सरळ उभी शिडी होती, आपल्याकडे पाण्याच्या टाकीला असते तशी.

"केरुकारू-सान, रोमन स्टेप्स कुठे आहेत?" माझे बॉस ओगावा-सान माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

मी केळकर. जपानी जिभेला 'ळ' जमत नाही, म्हणून ऑफिसात मी केरुकारू, आणि 'सान' म्हणजे आपलं 'जी'.

"दिसत नाहीत," मी म्हणाले.

रोमन स्टेप्स म्हणजे पूलच्या एका कोपऱ्यात बांधून काढलेल्या रुंद पायऱ्या. नदीच्या घाटावरून उतरावं तसं त्यांच्यावरून चालत पाण्यात जाता येतं. शिडीला मात्र पाठमोरं व्हावं लागतं आणि दोन्ही हातांनी धरून उतरावं लागतं. धडधाकट माणसाच्या हा फरक लक्षातही येत नाही. आमच्या या गिऱ्हाइकासाठी तोच महत्त्वाचा होता. आणि त्यांचं विमान पुढच्याच महिन्यात होतं.

नवऱ्याच्या आयटी कॉन्ट्रॅक्टमागून मी पुण्याहून जपानला आले. घर टोकियोजवळच्या इचिकावात. त्या वर्षांत आमच्या स्टेशनवर सकाळी लॅपटॉपची बॅग छातीशी धरून उभी असलेली मराठी मुलं सर्रास दिसायची. त्यांना काम तयार होतं, आम्हा बायकांना ते शोधावं लागायचं. मी जपानी शिकले, एका कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, पार्टटाइम उभी राहिले आणि मग टोकियोतल्या या छोट्या एजन्सीत लागले. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरचे पूलवाले आलिशान व्हिला जपानी लोकांना सुट्टीसाठी भाड्याने मिळवून देणं हा आमचा धंदा. तिकडच्या मालकांशी इंग्रजीत बोलायचं, इकडच्या गिऱ्हाइकांशी जपानीत. मधला पूल म्हणजे मी.

गिऱ्हाईक होतं हिराता नावाचं एक जोडपं. हिराता-सान एका कंपनीतून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. पहिल्या भेटीत ते एकटेच आले आणि दोन अटी सांगून गेले. पूल कुठल्याही शेजाऱ्याच्या खिडकीतून दिसता कामा नये. आणि पाण्यात चालत उतरता आलं पाहिजे, कारण बायकोचे गुडघे दुखतात.

दुसऱ्या भेटीत बायको बरोबर आली. फुमिको-सान. उजव्या हातात काठी, डावा हात कोटाच्या खिशात. त्यांनी तो बसतानाही बाहेर काढला नाही. डावं पाऊल जमिनीवरून किंचित ओढत टाकत होत्या. हे गुडघ्याचं दुखणं नव्हतं. माझ्या मोठ्या काकांना पॅरालिसिसचा झटका आला होता, त्यामुळे मला ती चाल माहीत होती. मी काही विचारलं त्यांना, तरी उत्तर हिराता-सानच देत. जाताना ते ओगावा-सानना दाराशी बाजूला घेऊन म्हणाले, "बायकोच्या तब्येतीबद्दल बाहेर कोणाशी बोलू नका. घरमालकाशीही नाही."

ओगावा-साननी कमरेत वाकून होकार दिला. त्यांच्या लेखी विषय तिथेच संपला.

त्यानंतर आम्ही स्पेनमधला हा व्हिला शोधला. टेकडीवर एकटाच होता, शेजार नाही. मालकीण पिलार नावाची विधवा बाई, तिथेच खालच्या गावात राहणारी. 'स्टेप्स आहेत का' या आमच्या प्रश्नाला तिनं 'आहेत' असं कळवलं होतं. तरी मी फोटो मागवला. तो येईपर्यंत तिनं बराच वेळ घेतला, आणि आला तो असा.

दुपार कलल्यावर, म्हणजे तिकडे सकाळ झाल्यावर, मी फोन लावला.

"पिलार, पूलला पायऱ्या नाहीत. शिडी आहे."

"आहेत की! शिडीला पायऱ्याच असतात. चार."

"मला बांधलेल्या पायऱ्या हव्या होत्या."

"तुम्ही लिहिलंत, स्टेप्स आहेत का. मी म्हटलं, आहेत. त्यावरून लहान मुलं चढतात, माझी सासू चढायची. तुमच्या माणसांना काय झालंय?"

इथेच माझी गाडी अडली. काय झालंय ते सांगायची मला परवानगी नव्हती.

"त्यांना शिडी सोयीची नाही," मी म्हणाले. "लाकडाच्या किंवा लोखंडाच्या पायऱ्या बनवून आत सोडता येतील का?"

"ऐन सीझनमध्ये? दर शनिवारी इथले पाहुणे बदलतात, एक कुटुंब जातं, दुसरं येतं. मधल्या वेळात चादरी बदलून होत नाहीत माझ्या. सोय हवी म्हणून मी पूल उकरू? तो माझ्या नवऱ्यानं बांधलाय." तिनं फोन ठेवला. रागावून नाही, कामात होती म्हणून.

आम्ही दुसरं घर शोधायला लागलो. उन्हाळ्यात तो सगळा किनारा महिनोन्‌महिने आधी भरलेला असतो. रोमन स्टेप्सचा एकच व्हिला मोकळा होता, पण त्याच्या पूलवर शेजारच्या इमारतीच्या सगळ्या बाल्कन्या डोकावत होत्या.

ओगावा-साननी निर्णय घेतला. "हिराता-सानना बोलवू. 'मुझुकाशी' म्हणू आणि पूर्ण पैसे परत देऊ."

मुझुकाशी म्हणजे अवघड. पण जपानी ऑफिसात कोणी 'अवघड आहे' म्हणालं की त्याचा अर्थ 'नाही' असाच घ्यायचा.

"ओगावा-सान, मालकिणीला खरं कारण सांगितलं तर ती कदाचित करेल."

"ती गिऱ्हाइकाची खाजगी गोष्ट आहे. आपण शब्द दिलाय."

"शब्द हिराता-सानना दिलाय. तब्येत त्यांच्या बायकोची आहे."

त्यांनी समोरची फाईल उघडली. मग म्हणाले, "बुकिंग हिराता-सानच्या नावावर आहे."

नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं.

दोघं आली. मी चहा ठेवला. ओगावा-साननी माफी मागितली, फोटो दाखवला, परिस्थिती सांगितली आणि शेवटी तो शब्द उच्चारला. हिराता-साननी मान डोलावली. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. उलट त्यांचे खांदे सैल झाल्यासारखे वाटले.

"इलाज नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. त्यातून काही झालं असतं, ही पाण्यात पडली असती, तर परक्या देशात मी काय केलं असतं?"

फुमिको-सान फोटोकडे बघत होत्या. शिडीकडे नाही, पाण्याकडे.

मी त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

टेबलाखाली ओगावा-सानचा बूट माझ्या बुटाला लागला. हिराता-साननी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. फुमिको-सानकडेच बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. शब्द त्यांच्यापाशी होते, बाहेर यायला वेळ लागत होता. खोलीत एसीचा आवाज तेवढा येत होता. जपानी माणसाला शांतता चालते, पण ही शांतता कोणालाच सोसत नव्हती.

"मी... शाळेत... पोहायला शिकवायचे," त्या म्हणाल्या. "गावातल्या पूलवर... सगळे माझे विद्यार्थी. पोरांच्या आया... लाइफगार्डसुद्धा."

आता मला पहिली अट कळली. शेजाऱ्याच्या खिडक्या नकोत त्या कशासाठी, ते.

"डॉक्टर म्हणतात, पाण्यात जा. मी... तिथे नाही जाणार." काठीवरची बोटं घट्ट झाली. "त्या बाईला सांगा. मला काय झालंय ते. सगळं."

"फुमिको," हिराता-सान हळूच म्हणाले, "परक्या माणसांना कशाला?"

"परकी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच. तिला मी... पोहायला शिकवलेलं नाही."

हिराता-साननी चहाचा कप बाजूला सारला. मग ओगावा-साननी असं काहीतरी केलं ज्याची मला अपेक्षा नव्हती. ते उठले, कोपऱ्यातला फोन उचलून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "स्पेनमध्ये आता सकाळ असेल," ते म्हणाले.

मी स्पीकर लावला. पिलारला सगळं सांगितलं. पाहुणीला पॅरालिसिस झालाय, एक हात चालत नाही, एक पाय धड चालत नाही, आयुष्यभर पोहणं शिकवलेली बाई आहे, आणि आजारी पडल्यापासून पाण्यात गेलेली नाही.

पिलार जोरात ओरडली.

"मग हे आधी का नाही सांगितलंत? सोय, सोय काय करत होतात? कुठली बाजू?"

"काय?"

"बाजू! कुठल्या बाजूला कठडा लावायचा? धरणार कुठल्या हातानं?"

मी जपानीत विचारलं. या वेळी फुमिको-सानना शब्द पटकन सापडला.

"दोन्ही. येताना... बाजू उलटते."

अर्थात. उतरताना जो कठडा उजव्या हाताला असतो, तो वर येताना वळल्यावर डाव्या हाताला जातो. मला हे सुचलं नव्हतं. मी ते इंग्रजीत सांगितलं. पिलार म्हणाली, तिचा दीर बोटींची वेल्डिंगची कामं करतो, त्याला ती आजच पकडते. शनिवार-बिनिवार ती बघून घेईल. मग तिनं विचारलं, "ती बाई तिथेच आहे का? तिला सांगा, पाणी गरम असतं. समुद्रासारखं थंड नाही."

मी सांगितलं. फुमिको-साननी मान खाली घातली. खिशातला डावा हात त्यांनी दुसऱ्या हातानं बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. हिराता-साननी त्यावर आपला रुमाल टाकला, पुन्हा उचलला, आणि घडी करून खिशात ठेवला.

काही दिवसांनी मेलमध्ये नवा फोटो आला. बोटीच्या डेकला असतो तसल्या खरखरीत पत्र्याच्या रुंद पायऱ्या पाण्यात सोडलेल्या, दोन्ही बाजूंना कठडे, आणि मधोमध कपड्यांनिशी पोटापर्यंत पाण्यात उभा असलेला एक लठ्ठ माणूस. तो दीर असणार. ओगावा-साननी पायरीची उंची, कठड्याची जाडी, पायऱ्या तळाला कशा पक्क्या केल्यात, हे सगळं विचारायला लावलं. पिलारनं वैतागून सगळ्याची उत्तरं दिली. दोघं स्पेनला गेली.

परत आल्यावर हिराता-सानकडून तक्रार आली. अगदी रीतसर. घर उत्तम, निसर्ग उत्तम, पायऱ्या उत्तम. मात्र पूल खाजगी असल्याचं कळवलं असूनही मालकीण रोज सकाळी पूलवर येत होती, आणि पाण्यातही उतरत होती. ओगावा-सान चिंतेत पडले. पाहुणे राहत असताना मालकानं न विचारता घरात येणं हा आमच्या धंद्यात मोठा गुन्हा. माफीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, आणि पाठवण्याआधी मला म्हणाले, "केरुकारू-सान, फुमिको-सानना एकदा फोन करा."

आता हे त्यांनीच सुचवलं होतं.

मी फोन केला. हिराता-साननी उचलला. मी फुमिको-सानना फोन द्यायला सांगितलं आणि वाट बघत राहिले.

"मी बोलावलं तिला," त्या म्हणाल्या. "नवरा... काठावर उभा राहायचा. सारखा, 'जपून, जपून'. मला ऐकवेना."

मग तुकड्यातुकड्यानं त्यांनी बाकीचं सांगितलं. सुरुवातीचे दिवस त्या फक्त दुसऱ्या पायरीवर बसून राहिल्या, पाणी छातीपर्यंत घेऊन. पिलार शेजारी बसायची आणि स्पॅनिशमध्ये बोलत राहायची. एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून उत्तर द्यायची गरज नव्हती. एका सकाळी त्यांनी कठडा सोडला. पिलारनं मानेखाली हात धरला.

"पोहलात?" मी विचारलं.

"नाही. तरंगले." मग त्या म्हणाल्या, "पोहणं... मला जमणार नाही आता. ते कळलं. पण तरंगता येतं."

मी ओगावा-सानना सांगितलं. त्यांनी माफीचा मजकूर फाडला नाही. गैरसोयीबद्दल हिराता-सानची माफी मागायचीच होती, ती मागितली. तक्रार त्यांची खरी होती. घर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं, आणि त्यात एक परकी बाई रोज येत होती.

पुढच्या उन्हाळ्यासाठी त्याच व्हिलाचं बुकिंग आलं, या वेळी फुमिको-सानच्या नावावर. पिलारनं तोपर्यंत जाहिरातीत दोन्ही कठड्यांचा ठळक उल्लेख केला होता आणि भाडं वाढवलं होतं. आम्ही घासाघीस केली, तिनं ऐकलं नाही.

ऑफिसात मात्र एक पद्धत पडली. जो बुकिंग करतो त्याच्याशी बोलून झालं की जो पाण्यात उतरणार आहे त्याच्याशीही बोलायचं. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं. या कामात मला सगळ्यात उशिरा जमलेली गोष्ट तीच. नवीन आलेल्या मुलींना मी आधी जपानीतले आदरार्थी शब्द शिकवते. गप्प बसणं त्यांना शिकवता येत नाही, पाहून पाहून येतं.