कॉफीतला समुद्र

कल्पिता वेसाव्याची कोळीण, आवाज मासळीबाजारात घडलेला. नोकरी मात्र अंधेरीत, डोंगरावरच्या कॉफी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत. शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या, फेअर ट्रेडवाल्या परदेशी गिऱ्हाइकांना कॉफीचे नमुने पाठवायचं काम तिचं.

एकदा कुरियरवाला आलाच नाही, म्हणून नमुन्याची पिशवी तिने घरी नेऊन फळीवर ठेवली. खाली सुक्या बोंबलांची टोपली होती. कॉफी शेजारचा वास ओढून घेते, हे ती सगळ्यांना बजावायची. पण घरातल्या बोंबलांचा वास तिला जन्मात कधी आलाच नव्हता.

नमुना पोचल्यावर जर्मनीहून उत्तर आलं, "कॉफीला समुद्राचा अप्रतिम गंध आहे. अशीच हवी."

कल्पिताला फळी आठवली आणि ती हसत सुटली. तिने सांगितलं तसा ऑफिसातला निमेश म्हणाला, "झकास! आता गप्प बस ना."

"आणि माल पाठवताना काय करू रे? पोत्यापोत्यात बोंबील भरू? नाव शेतकऱ्यांचं खराब होईल!"

तिने तिथल्या तिथे जर्मनीला फोन लावला.

"कॉफी डोंगराची आहे, वास माझ्या घरचा. नवा नमुना पाठवते, आवडला तरच घ्या. समुद्र हवा असेल, तर वेसाव्याला जेवायला या."