झहूर होडेकराची तिसरी हाक

झहूर होडेकरासारखा आवाजांचा चोर मी दुसरा पाहिला नाही. आमच्या हर्णैच्या बाजूचा, अंगानं काटकुळा, पण गळा असा की त्यात अख्खा बाजार मावावा. कुवेतला आम्ही एकाच होडीवर हमाल होतो. सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. शुवैखचा धक्का तेव्हा पुरा व्हायचा होता. मोठी जहाजं लांब पाण्यात नांगर टाकायची आणि माल आमच्यासारख्यांच्या लाकडी होड्यांतून किनाऱ्याला यायचा. वर्षभर पोती वाहायची आणि ईद आली की झहूरनं मैदानातल्या पाळण्यांजवळ उभं राहून आवाज काढायचे, असा त्याचा धंदा. धंदा कसला, खूळ!

त्याची रीत सांगतो. नवा आवाज सापडला की आधी जेवताना आमच्यावर टाकून बघायचा. पाणक्याचं गाढव, शिंका देणारा मुकादम, चहावाल्याशी हुज्जत घालणारी म्हातारी. कुणाचा घास हातात थांबला, तर तो आवाज ईदेला जाणार. घास चालूच राहिला, तर आवाज गेला समुद्रात! एकदा त्यानं कोंबडी अशी काढली की रबिया, त्याची बायको, दाराआड अंडं शोधत राहिली. तेव्हा आमच्यात बायको आणणारे थोडेच. सालमियात तिची मातीची खोली होती, तिथंच आम्ही जेवायचो. तिचा भाऊ यूनुसही आमच्याच होडीवर.

"घरात नवरा हाय की खुराडा?" रबिया म्हणाली.

"तू फक्त अंडी मागू नको," झहूर म्हणाला.

तर असा हा गडी एका वर्षी हसवण्याला कंटाळला. म्हणाला, "हसलेला माणूस घरी जाऊन विसरतो. यंदा असा आवाज काढतो की लोकांना जेवण जाणार नाय."

तिथल्या खलाशांत बू दरया नावाच्या भुताची धास्ती मोठी. तो समुद्रात राहतो म्हणे. बुडत्या माणसासारखा "वाचवा, वाचवा" ओरडतो आणि कुणी हात द्यायला वाकला की आत ओढतो. त्यावर खलाशांचा उपाय ठरलेला. हाक आली की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "करवत आणा, वाकस आणा!" सुताराच्या हत्यारांना तो भितो. झहूरला हाच आवाज हवा होता.

संध्याकाळी काम सुटलं की कमरेएवढ्या पाण्यात रॉकेलचा रिकामा डबा तोंडाशी धरून उभा राही. मोठ्यानं ओरडून बघितलं, मजा येईना. डब्याला ओलं फडकं बांधलं, तेव्हा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. तरी त्याचं समाधान नाही. मग एक दिवस हाक मारून त्याला ठसका लागला, म्हणून पुढची हाक लांबली. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या माणसाचे हात तेवढ्या वेळात थांबले. झहूरनं ते टिपलं. लोक घाबरतात ते पुढच्या हाकेची वाट बघताना, हे त्याला त्या ठसक्यानं शिकवलं.

इथवर ठीक होतं. पण त्यानं त्यात आमच्या कोकणातला गिऱ्हा मिसळला. तुम्हाला ठाऊक असेल, पाण्यातला गिऱ्हा माणसाला नावानं हाक मारतो. म्हणून आमच्याकडे पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी आली, तर माणूसच. बू दरया मात्र कुणाचं नाव घेत नसे.

रबियानं ऐकलं आणि तवा आपटला. "गिऱ्ह्याची मस्करी करू नका हां. समुद्रावर पोट हाय आपलं."

"अगो, ह्या अरबांना गिऱ्हा कुठं म्हायती?"

ईदेला मैदान भरलं. झहूर एका फाटक्या शिडाआड लपला आणि आधी नुसतंच "वाचवा" आलं. मग शांतता. मग समोरच्याच एका खलाशाचं नाव. तो खलाशी पांढरा पडला. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. पोरं आयांना बिलगली, पाळणे थांबले. आणि शेवटी टाळ्या अशा की विचारू नका!

आमच्या होडीचा म्हातारा नाखवा बू राशिद तेवढा उठून गेला. जाताना झहूरला म्हणाला, "आजवर त्याला आमची नावं ठाऊक नव्हती. आता तू शिकवलीस."

आम्ही हसलो. 

मग थंडी आली आणि एका सकाळी समुद्रावर धुकं असं पडलं की होडीच्या एका टोकावरून दुसरं दिसेना. झहूर मागच्या बाजूला गेला. आता मागच्या बाजूला काय असतं? पाण्यावर लटकवलेला लाकडी खोका, म्हणजे आमचा संडास! दोरी कुजकी होती, खोका फिरला, आणि झहूर अर्ध्या विजारीनिशी पाण्यात.

आम्हाला काय ठाऊक? आम्ही पुढे होतो. ऐकू आली ती फक्त लांबून, पाण्यातून, बुडाल्यासारखी हाक, "वाचवा!"

सगळी होडी उसळली. "करवत आणा! वाकस आणा!" खलाशी फळ्यांवर लाथा मारून ओरडू लागले. झहूर जितका जीव तोडून ओरडे, तितका तो त्याच्याच ईदेच्या आवाजासारखा वाटे आणि तितका इकडचा गलका वाढे.

मग आलं, "यूनुस!"

यूनुस माझ्या शेजारी. ओठ घट्ट मिटलेले. थोड्या वेळानं आणखी लांबून, बारीक, "यूनुस..."

"भावजीचा आवाज हाय," यूनुस कुजबुजला.

"गिऱ्हा आवाज तर त्याचाच काढणार," मी म्हणालो. "तिसरी येऊ दे."

शांतता. झहूरनं शोधून काढलेली तीच शांतता. यूनुसचा हात दोरावर पांढरा झालेला. माणूस असेल तर मरतोय आणि नसेल तर वाट बघतोय, एवढंच आम्हाला कळत होतं.

आणि तिसरी हाक आली. अगदी कठड्याखालून, स्पष्ट. "यूनुस!"

"ओ!" करून यूनुसनं दोर फेकला. दोराला ओढ बसली. आम्ही चौघांनी खेचला, तर टोकाला झहूर. निळा पडलेला, पण जिवंत.

दुपारी रबियानं त्याला गोधडीत गुंडाळून पेज पाजली. यूनुस म्हणाला, "भावजी, तिसरी हाक मारलीस म्हणून वाचलास."

झहूरनं वाटी खाली ठेवली. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी दोनदाच मारली. मग तोंडात पाणी गेलं. मी लांब होतो, यूनुस. दोर हाताला कसा आला मना ठाव नाय."

बू राशिद दारात उभा होता. त्याला हे हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "पाण्यातल्या त्यानं झहूरसाठी हाक मारली असं वाटतं तुम्हाला? नाव कुणाचं घेतलं?"

यूनुस उठून आत जाऊन बसला.

पुढल्या ईदेला लोकांनी बू दरया मागितला. झहूरनं कोंबडी काढली आणि घरी आला. पुढची सारी वर्षं तो कोंबडीच काढत राहिला. आणि यूनुसला त्यानंतर कुणी कितीही हाका मारोत, तो ओ देत नसे. रबिया जेवायला बोलवायची ती बाहेर येऊन, त्याच्या खांद्याला हात लावून.