खंडेनवमीचे दोन हिरवे दिवे
ओल्या झेंडूचा वास आला की मुरबाडच्या घरातली ती खंडेनवमीची दुपार आठवते. आईने विळा, कोयता, नांगराचा फाळ आणि माझा कॉम्प्युटर एका ओळीत पुजले होते. पुजलेल्या हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नसतो. पण आखातात कामाला गेलेल्या भावाच्या साइटवर स्फोट झाल्याची बातमी आली, फोन लागेना, मेलचाच काय तो आधार उरला. मी कॉम्प्युटरवर लिनक्स सुरू केलं, समोरच्या सायबर कॅफेचं वायफाय पकडायला वायफाय कार्ड चालवणारा नवा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, चढवला आणि स्क्रीन गोठला. कीबोर्डवरचे दोन हिरवे दिवे एकसारखे लुकलुकू लागले, म्हणजे लिनक्स पार कोलमडल्याची खूण. आई दारात उभी होती. “आज हात लावायचा नाय, बोलले होते ना तुला?” बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच दिवे. असल्या गोष्टी मी कधी मानल्या नव्हत्या, तरी कॉम्प्युटरला हळूच नमस्कार केला. शेवटी सुरक्षित मोडमध्ये चालू करून ड्रायव्हरची जुनी आवृत्ती चढवली, वायफाय जोडलं गेलं, आणि भावाचा मेल दिसला: ‘मी बरा आहे. आईला सांग.’ मी आईला मेल वाचून दाखवला. तिने कॉम्प्युटरला पुन्हा हळदकुंकू लावलं. आता माझ्या हाताखाली मोठाले सर्व्हर आहेत, आणि खंडेनवमीला मी त्यांतला एकही ड्रायव्हर बदलू देत नाही. माणसं सुट्टीवर आहेत, एवढंच कारण देतो.